नेमके दोन तास

नाउरीझच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सणाच्या आदल्या दुपारी मनोरुग्णालयातल्या आमच्या बायकांच्या वॉर्डात मेंढ्याचं डोकं उकडून आलं आणि सुरी अर्थातच कुल्याश आपायच्या हाती गेली. त्या मुख्य परिचारिका; आपाय म्हणजे ताई, वयानं मोठ्या बाईला म्हणतात. कोणाला कुठला तुकडा द्यायचा, यातूनच त्या वर्षभराचा राग-लोभ वाटून टाकतात. मला गालाचं मांस मिळालं, म्हणजे माझं बरं चाललं होतं. कान त्यांनी झमझागुलच्या ताटलीत टाकला.

कान लहान पोरांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. झमझागुल छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई.

"खा," कुल्याश आपाय म्हणाल्या. "विद्यापीठात ऐकायला शिकवत नाहीत म्हणे. नुसतं मोजायला शिकवतात."

सगळ्या हसल्या. मीही. हसणं हा आमच्याकडे कामाचाच भाग आहे.

झमझागुल वॉर्ड सांभाळून मनोरुग्णांच्या शुश्रूषेचा पदव्युत्तर अभ्यास करत होती. प्रबंधाला विषय घेतला तोही असा: पेशंटला खाटेला बांधून ठेवतात ते किती वेळ. नियम दोन तासांचा. ही बया तीन आठवडे घड्याळ घेऊन उभी राहिली. तेवढ्या दिवसांत आमच्या वहीत त्रेसष्ट नोंदी झाल्या, आणि त्रेसष्ट वेळा नेमके दोन तास. तिच्या घड्याळात मात्र सात नंबरची म्हातारी पाच तास चाळीस मिनिटं बांधलेली.

आता त्या प्रबंधाला हॉस्पिटलची परवानगी हवी होती. कुल्याश आपायची सही आणि वर शिक्का, आज पाचपर्यंत. नाहीतर तिचं वर्ष गेलं.

"तिसरं प्रकरण काढून टाक, आत्ता सही करते."

"तिसऱ्यातच सगळं आहे, आपाय."

"मग बाकीचं कशाला लिहीत बसलीस?"

झमझागुलनं कान खाल्ला. अख्खा, सावकाश चावून. मग हात पुसून पिशवीतून कागद काढले.

"बदललंय. इतरांच्या चव्वेचाळीस नोंदी गाळल्या. एकोणीस ठेवल्या, माझ्याच हातच्या. खोटे दोन तास मीही लिहिलेत, सवयीनं. चौकशी झालीच तर माझी होईल. तसं लिहून दिलंय."

कुल्याश आपायनी चष्मा लावून दोनदा वाचलं. चेहऱ्यावर सण उमटला.

"स्वतःचीच चुगली करायला एवढं शिकावं लागतं होय?" म्हणत त्यांनी ताटल्या सरकवल्या आणि सही केली, बोटांच्या चरबीसकट.

झमझागुल कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली, कारण शिक्का माझ्या खणात असतो. मी सहज त्या एकोणीस नोंदींवरून नजर फिरवली. आमच्याकडे दर नोंदीखाली दोघींची सही लागते.

"दुसरी सही कोणाची, ते लिहिलंयस?"

"नाव नाही घातलं, रौशन आपाय. फक्त 'सोबतची परिचारिका'."

"आपल्या पाळीला सोबतच्या कितीजणी असतात गं?"

एकच असते. मी.

साडेचार वाजले होते. मी खण उघडला, शाईची गादी अंगठ्यानं दाबून पाहिली.

"वाळलीय. सण झाल्यावर ये."

"मघाशी रजेच्या अर्जावर तर मारलात शिक्का."

"त्यातच संपली," मी म्हटलं आणि खणाला कुलूप लावलं.