शाईखालची रेघ

मी एक जुना टाक आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, स्वभावानं मत्सरी आहे. लाकडी दांडी, पोलादी टोक, दौतीत बुडवल्याशिवाय एक अक्षर उमटायचं नाही, पण तोरा केवढा! काशिराम मास्तरांनी मला पनवेलच्या बाजारात विकत घेतलं, तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मास्तर शाळेत शिकवायचे आणि गोष्टी लिहायचे. गोष्ट मासिकात छापून आली की लोक मास्तरांचं कौतुक करत. मी ते खुशाल माझ्या नावावर घेत असे.

माझ्या शेजारी एक शिसपेन्सिल पडलेली असायची. अर्ध्या बोटाएवढी, मागून चावलेली. धोब्याचे कपडे टिपायचे तेवढी तिची लायकी, असं माझं मत होतं.

मग मास्तरांनी गव्हाणच्या मिठागरावर निरक्षर मोठ्या माणसांचा वर्ग काढला. रविवारी दुपारी, कामाच्या सुट्टीत, खोपीच्या सावलीत माणसं जमत. मीठ ओढणारी हौसा सगळ्यांत पुढे बसायची. मास्तरांनी त्यांच्यासाठी माझ्याकडून गोष्ट लिहून घेतली. मिठागराचा बांध फुटतो आणि गाव मिळून तो बांधतो. आठ पानं, एक खाडाखोड नाही. मास्तरांनी वाचली, सगळ्यांनी माना डोलावल्या.

हौसा म्हणाली, "मास्तर, तुमी वाचता तवा ग्वाड लागतं. पन तुमची बदली हाय ना? मंग या कागदाचा आमी काय करू?"

बदलीचं खरं होतं. दोन महिन्यांत त्यांना करंजाला जायचं होतं. आपण नसतानाही या माणसांनी गोष्ट वाचावी, एवढंच मास्तरांच्या मनात होतं, आणि तेच होत नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी सावरून बसलो. त्यांनी पेन्सिल उचलली!

मित्रांनो, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कागदावर सहा चौकोन, वर तीन, खाली तीन. त्यात गोल डोकी आणि काडीचे हातपाय. मास्तरांना चित्र काढता येत नव्हतं आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती. दोन तिरप्या भुवया काढल्या की माणूस रागावला. माझ्या गोष्टीत बाईची घाबरगुंडी उडायला अर्धं पान लागलं होतं. या टिकलीएवढ्या पेन्सिलीनं नुसतं तोंड उघडं काढलं आणि बाई घाबरली. ते नेमकं जमलंही होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

रविवारी कागद हातोहात फिरला. "यो तं आपला शिवा मुकादम," म्हणत लोक हसले. मी पिशवीत चरफडत होतो. मग हौसा बोट ठेवून सांगू लागली. बाई बांधावर झोपली. भरती आली. बांध फुटला. आणि तिचं बोट, बांध बांधण्याचे दोन चौकोन सोडून, तिथूनच सरळ खाली, शेवटच्या चौकोनात उतरलं. तिथं सगळं गाव हसत उभं होतं.

"मिठागर बुडाला नि लोकं हसतान?" हौसा भडकली. "कंचा गाव हाय यो?"

मास्तरांचा चेहरा पडला आणि मला आतल्या आत गुदगुल्या झाल्या. बरं झालं, म्हटलं, जिरली!

"हौसाबाई, खालची ओळ पुन्हा डावीकडून वाचायची," मास्तर म्हणाले.

"ती कशी? पानी वरच्या तीन वाफ्यांतून गेलं का तिथंच खाली उतरतं नि मागं फिरतं. उरी मारून पयल्या वाफ्याखाली कसं जाईल?"

मास्तर उठून बांधावर गेले. समोर मिठागराचे चौकोन पसरले होते आणि पाणी हौसा म्हणाली तसंच वळत होतं. ते स्वतःशी हसत परत आले. मला वाटलं, संपलं हे चित्रांचं खूळ. पण त्यांनी नवा कागद घेतला आणि खालची ओळ उजवीकडून डावीकडे काढली! माझी सारी हयात डावीकडून सुरुवात करण्यात गेली होती, आणि मास्तर स्वतःला लेखक म्हणवत होते.

मग मात्र त्यांनी मला उचललं. "पेन्सिल पुसली जाईल. शाईनं गिरवायला हवं," ते स्वतःशीच म्हणाले. ती जिथून गेली तिथून मी गेलो. काही सुचावं लागलं नाही. शाई वाळल्यावर मास्तरांनी रबरानं तिची प्रत्येक रेघ पुसली. मला फार बरं वाटलं. तिचा उरलेला तुकडा बोटांत धरवेना, तो सकाळी केरात गेला. मी दौतीपाशी ऐटीत पडून होतो.

बदलीच्या दिवशी मास्तर मिठागरावर गेले. कागद खोपीच्या कुडाला चिकटवला होता आणि हौसा नव्यानं कामावर आलेल्या भामाला गोष्ट सांगत होती. मास्तर बाहेरच थांबले. बोट वळलं, खाली उतरलं, मागं आलं. एकही चौकोन चुकला नाही. मास्तरांनी डोळे पुसले. हौसानं त्यांना पाहिलं आणि ती म्हणाली, "मास्तर, रेघ कवरी ठसठशीत हाय."

मास्तरांनी मला पिशवीतून काढून वर धरलं. "या टाकाची."

सगळे माझ्याकडे बघू लागले. एवढ्यासाठीच मी जन्मभर जळत होतो. आणि त्या कागदावरची एकही रेघ माझी नव्हती.

आता माझं टोक गंजलं आहे. मित्रांनो, पेन्सिलीचा तुकडा बोटांत धरवत नाही म्हणून फेकू नका. आणि शाईची सुबक रेघ दिसली, तर तिच्याखाली आधी कोण चाललं होतं ते विचारा. त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही, आणि मीही गप्प बसलो.