चौदा शहाणे आणि एक बंद पाकीट

गुरू ऑरेलियोंनी बंद पाकीट कपाळाला लावलं, डोळे मिटले आणि चाळीस माणसांनी एकदम श्वास रोखला.

"मला दिसतंय... एक चाक," गुरू म्हणाले. आवाज असा, की तळघरातून बोलतायत. "मोठं चाक. ते धरून एक पुरुष रडतोय. या आठवड्यात त्याच्यासमोर एक पोरगा बोलायला बसला होता. त्याचं ऐकताना ह्याला आपला गेलेला भाऊ आठवला!"

तिसऱ्या रांगेतून हंबरडा आला. आमच्या भागातला बस-ड्रायव्हर आणि आईच्या वर्गातला शिकाऊ फर्मीन उभा राहिला. "माझं! हे माझंय!"

टाळ्या, हुंदके, मिठ्या. गुरूंनी पाकीट फोडलं, आतल्या चिठ्ठीवर नजर टाकली, "अगदी तेच," असं पुटपुटले आणि चिठ्ठी काचेच्या वाडग्यात टाकली. वाडगा त्यांची मदतनीस नेलिदा हिच्या मांडीवर होता.

मी टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच ठेवले. त्या पाकिटावर हिरवा डाग होता. तो मीच पाडलेला. सकाळी माझ्या हातून 'माते'चा, म्हणजे आमच्याकडच्या हिरव्या चहाचा, पेला आईच्या पाकिटावर कलंडला होता आणि दुसरं पाकीट घरात नव्हतं.

म्हणजे कपाळावर पाकीट आईचं, आणि रडतोय फर्मीन?

गुरूंनी पुढचं पाकीट कपाळाला लावलं. पांढरं स्वच्छ. "एक बाई... एका म्हातारीचं ऐकताना हिला स्वतःची आई दिसली. आणि हिला त्या म्हातारीचा राग आला. राग!"

शेजारी आई अर्धवट उठली. "माझं," ती कशीबशी म्हणाली.

"तू कोरडी विहीर आहेस, बाई," गुरू म्हणाले. "कोरड्या विहिरीनं लोकांना पाणी पाजू नये. ती खुर्ची सोड. आधी माझ्याकडे साधनेच्या तीन पायऱ्या चढ."

आता आम्ही कोण, ते सांगते. आमच्या रोसारियो शहरात दर दुसरा माणूस मन मोकळं करायला कुणाकडे तरी जातो आणि उरलेले ते ऐकायला बसतात. माझी आई, ग्रिसेल्दा, वीस वर्षं लोकांचे केस कापता कापता अख्ख्या गल्लीची दुःखं फुकटात ऐकत होती. पंचेचाळिसाव्या वर्षी म्हणाली, "आता नीट शिकून ऐकते," आणि समुपदेशनाच्या तीन वर्षांच्या वर्गात गेली. वर्ग कोंबड्या भाजण्याच्या दुकानाच्या वर भरतो, त्यामुळे तिथं सगळ्यांच्या वेदनांना भाजक्या कोंबडीचा वास येतो.

असे चौदा शिकाऊ. त्यांचं मुख्य काम म्हणजे आत्मचिंतनाची वही. माणूस काय बोलला, ते ऐकताना माझ्यात काय हललं, का हललं, हे सगळं लिहायचं. मग शिकवणाऱ्या एल्विराबाई ती वही घेऊन एकेकाशी तासभर बसतात. काम हळू चालतं. म्हणून संचालकांनी गुरू ऑरेलियोंना आणलं. तीन वर्षांचं काम तीन सेकंदांत! दर शनिवारी दुपारी सगळ्यांनी एक ओळ लिहायची, पाकिटात बंद करायची. घरच्यांनी बघायला यावं. तिसऱ्या शनिवारी निम्म्यांनी वह्या लिहिणंच सोडलं. गुरूंना दिसतंच, मग लिहायचं कशाला?

त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात माझे पुढचे केस कापत होती. कात्री जरा जोरातच चालत होती.

"पुढच्या शनिवारी वही नाही, राजीनामा देणार," ती म्हणाली. "आणि त्यानंतरच्या मंगळवारी दवाखान्यातली ती खोलीही नको. बायका विश्वासानं येणार, आणि समोर कोण? मी!"

त्या मंगळवारपासून आई वस्तीतल्या दवाखान्यात पहिल्यांदा एकटी बसणार होती. त्यासाठी तिनं तीन वर्षं घालवली होती.

"आई, तुझं पाकीट त्याच्या डोक्यावर होतं तेव्हा तो फर्मीनचं बोलत होता. तुझं बोलला पुढच्या पाकिटावर. तुझं फोडून झाल्यावर!"

कात्री थांबली. मला वाटलं, जिंकले! पण आई मोठा श्वास घेऊन अगदी समुपदेशकाच्या आवाजात म्हणाली, "ब्रिसा, ही शंका तुझ्यात कुठून येतेय, ते बघितलंस का?"

"डोळ्यांतून, आई!"

"थोरल्या माणसांबद्दलचा राग असेल."

"तुझ्याबद्दलचा आहे. केस वाकडे कापलेस."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी एल्विराबाईंना गाठलं. त्या सत्तरीच्या, चष्मा दोरीला. माझं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोंड घातलं नाही.

"मी बोलले तर मत्सर म्हणतील," त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात म्हणालेच. तू बोललीस तर वय म्हणतील. पण पोरी, वयाचा आरोप दोन-चार वर्षांत आपोआप उतरतो. बोल तू. पहिलंच पाकीट धर. पहिलं पाकीट दर वेळी कुणाचं निघतं, आठवतंय?"

आठवलं. नेलिदाचं. दर शनिवारी!

शनिवारी आई शेवटच्या रांगेत बसली. मांडीवर राजीनामा. गुरूंनी पहिलं पाकीट कपाळाला लावलं. "एक स्त्री... बालपणी अंधाऱ्या खोलीत एकटी..."

"माझं!" नेलिदा रडायला लागली. चौथ्यांदा. बिचारीचं बालपण संपतच नव्हतं.

गुरूंची बोटं पाकिटाच्या कडेला गेली तशी मी उठले. आवाज मस्त निघाला. "थांबा! ते तुम्ही फोडू नका. दुसऱ्या कुणाला तरी फोडू द्या!"

"प्रतिकार!" कुणीतरी कुजबुजलं. त्या वर्गात 'नाही' म्हटलं की त्याला प्रतिकार म्हणतात. जेवायला नको म्हटलं तरी प्रतिकार.

गुरू मायेनं हसले. "पोरी, तुझं वडिलांशी काहीतरी तुटलंय. मला दिसतंय, ते तुझ्यापासून दूर आहेत."

"खालच्या दुकानात आहेत. कोंबडी बांधून घेतायत. हाक मारू?"

दोन-तीन जण हसले. गुरू हसले नाहीत. "आतली चिठ्ठी पवित्र असते. परक्या हातानं ऊर्जा मोडते."

आणि मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई उभी होती.

"नेलिदाताई, पाकीट तुमचं आहे," ती शांतपणे म्हणाली. "तुमची चिठ्ठी तुम्हीच सगळ्यांना वाचून दाखवाल? ती काही परक्याची नाही."

नेलिदानं गुरूंकडे पाहिलं. गुरूंनी छताकडे पाहिलं. फर्मीन पुढच्या रांगेतच होता. बसचं चाक फिरवणारे ते हात. त्यानं पाकीट अलगद काढून घेतलं आणि फाडलं.

"अरे," तो म्हणाला, "हे तर माझंच अक्षर आहे!"

एवढंच होतं सगळं. पहिल्या पाकिटावर थाप मारायची, ती नेलिदा आपली म्हणणार. मग 'खात्री करायला' पाकीट फोडायचं, आतलं दुसऱ्याच कुणाचं ते मनात वाचायचं, आणि पुढचं पाकीट कपाळाला लावून तेच म्हणायचं. सगळा खेळ एक पाकीट मागे. फोडलेल्या चिठ्ठ्या वाडग्यात, म्हणजे ताडून बघायला कुणी जाणार नाही.

मला वाटलं आता आरडाओरडा होईल. झालं भलतंच.

"मला दिसलं होतं तो आधी बोलतो आणि मग फोडतो ते," फर्मीन म्हणाला. "पण मला वाटलं, माझा कुणावरच विश्वास बसत नाही. बाप सोडून गेला ना."

"नेलिदा दर वेळी पहिली कशी, हे मलाही खटकलं होतं," खिडकीजवळची एक बाई म्हणाली. "मी वहीत चार पानं लिहिली. वडिलांवरच्या रागाची."

"मी सहा!" आणखी कुणीतरी.

एल्विराबाईंनी चष्मा काढला. "चौदा जणांना चोर दिसला," त्या म्हणाल्या, "आणि चौदा जणांनी आपापल्या बापाला धरून आणलं! अरे, मी तुम्हाला आत बघायला शिकवलं, बाहेरचे डोळे मिटायला नव्हे."

एवढ्या गडबडीत गुरू जिन्यानं खाली गेले. वाडगा राहिला.

आई राजीनामा हातात धरून बाईंसमोर उभी. "पण बाई, माझी ओळ खरी होती. मला खरंच राग आला होता त्या म्हातारीचा."

"आला ना? लिहिलास ना?"

"हो."

"म्हणून तर तू तिथं बसायचंस. राग आला आणि लिहिला नसतास, तर मीच तुला उठवलं असतं. सोमवारी ये वही घेऊन. तासभर बोलू त्या रागाशी."

मंगळवारी आई दवाखान्यातून परतली तेव्हा मी दारातच विचारलं, "काय बोलल्या बायका? कोण होत्या?"

"ते तुला कधीच कळणार नाही," ती म्हणाली. किती दिवसांनी एवढी खूश दिसली!

तर मंडळी, मी पंधरा वर्षांची आहे आणि उपदेश करतेय, चालवून घ्या. मन जाणणारी खरी माणसं चमत्कार करत नाहीत. ती विचारतात, ऐकतात, चुकतात, चूक लिहून ठेवतात आणि दुसऱ्याला तपासायला देतात. तुम्हाला शंका आली तर जरूर स्वतःत डोकावा, पण आधी समोरच्याचे हात बघा. आणि खुशाल प्रश्न विचारा. प्रश्न त्याच्याबद्दल विचारला आणि उत्तरात तुमचे वडील निघाले, की समजा, उत्तर त्याच्याकडे नाही.