लघिमानाथांचा मोकळा वार

गुरुवारी सकाळी श्रीरामपुरात रिकामा टांगा मिळणं मुश्कील झालं होतं. गावातली झाडून सगळी जाड माणसं लघिमानाथ महाराजांच्या मांडवाकडे निघत, आणि एका टांग्यात त्यांच्यातली दोनच मावत. साल एकाहत्तर. पाटाला पाणी होतं, उसाला भाव होता, घरोघर तूप होतं, त्यामुळे जाड माणसांचा तुटवडा नव्हता.

तिसगावाकडून ऊसतोडीला आलेला सहादेव मांडवाच्या दोरीपाशी उभा राहून हा सोहळा बघे. "बारीक व्हायला म्हाराज लागतो व्हय?" तो विचारी. "आमी तर फुकट हुतो."

महाराजांचा मंत्र सोपा होता. सहा दिवस अर्धी भाकरी आणि वाटीभर ताक. सातवा वार, म्हणजे गुरुवार, मोकळा. "मोकळ्या वारी खाल ते तुमच्या पोटात जात नाही, भक्तहो! थेट देवीच्या पोटात जातं. आणि देवीला कसली आलीय लठ्ठपणाची चिंता!" महाराज स्वतः देवीइतकेच निश्चिंत दिसत. त्यांच्याकडे सातही वार मोकळे असावेत.

पुरावा म्हणून मांडवात भला मोठा तराजू टांगला होता. जेवणाआधी भक्तानं एका पारड्यात बसायचं, दुसऱ्यात कापूस रचून काटा बरोबर करायचा. "देह कापसासारखा हलका व्हावा म्हणून!" मग पुरणपोळ्या, भजी, बुंदी. पंगत उठली की गोरक्ष नावाचा चेला देवीला जागं करायला कापसावर कळशीभर तीर्थ घाली. भक्त पुन्हा पारड्यात बसे, आणि काय आश्चर्य, पोटभर जेवलेला भक्त वर जाई! लोक टाळ्या पिटत.

मुक्ताबाई टाळ्या पिटत नसे. ती शाळेत मास्तरीण होती. आप्पासाहेब कापूसवाल्यांची सून. तिचा जीव अडकला होता तो सासूच्या पायात. छबूबाईंना साखरेचा आजार होता. डाव्या पायाच्या बोटाला झालेली जखम दोन महिने भरत नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, गोड बंद केलं होतं, हयगय केलीत तर पाय जाईल असं स्पष्ट सांगितलं होतं. महाराजांनी गोळ्या सोडायला लावल्या. गोळीनं म्हणे अंग जड होतं.

"आत्याबाई, बोट काळं पडायला लागलंय," मुक्ताबाई कळवळून म्हणाली.

"पडू दे. वजन तर घटतंय न्हवं? तराजू काय खोटं बोलतो का?"

आप्पासाहेबही बायकोच्याच बाजूचे. हा माणूस शेतकऱ्याच्या गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय भाव बोलत नसे. पाणी मारून वजन वाढवणारे त्यानं पैशाला पासरी पाहिले होते. मांडवातला कापूस तर त्यांच्याच वखारीतून आलेला. पण तिथं त्यांचे हात जोडलेले असत, आणि जोडलेले हात कापसात घालता येत नाहीत.

मुक्ताबाईचं माहेर कापूस पिकवणारं. गोरक्ष तीर्थ शिंपडत नाही, ढिगाच्या मधोमध ओततो, हे तिनं एका गुरुवारी नीट पाहिलं. पुढच्या गुरुवारी ती स्वतःच पारड्यात बसली. काटा बरोबर झाला. ती पंगतीत बसली, आग्रह करकरून वाढून घेतलं, आणि गर्दीत ताट हळूच दोरीपलीकडे सरकवलं. मग तीर्थ झालं. ती पुन्हा पारड्यात बसली, तर पारडं असं काही वर गेलं की तिनं घाबरून साखळी धरली.

"पाहा!" महाराज गरजले. "अकरा पोळ्या देवीनं गट्ट केल्या!"

"महाराज, मी घास नाही खाल्ला. माझं ताट सहादेवनं खाल्लं."

सहादेव तोंड पुसत म्हणाला, "आकरा न्हाई, धा. येक कुत्र्याला टाकली."

मग कुणीतरी ओरडलं, "न खाता बी हलकी झाली! लघिमानाथ म्हाराज की..."

"जय!" सगळा मांडव गरजला.

मुक्ताबाईनं कपाळावर हात मारला. खाली उतरून ती सरळ सासऱ्यांपुढे गेली. "मामा, एवढा कापूस बघून घ्या. बाजारात बघता तसा."

आप्पासाहेबांचा हात सवयीनंच ढिगात गेला, कोपरापर्यंत. बाहेर आला तो मूठ भरून. त्यांनी मूठ पिळली. धार लागली.

"वला हाय! ह्याला मी निम्मा भाव बी देनार न्हाई!" ते ओरडले, आणि आपण कुठं उभे आहोत हे मग त्यांच्या ध्यानात आलं. कापूसबाजारात जन्म घालवलेल्या त्या शे-दोनशे माणसांना दुसरं काही सांगावं लागलं नाही. माणूस हलका होत नव्हता, कापूस जड होत होता. गोरक्ष कळशी टाकून पळाला. महाराज मागोमाग निघाले, पण त्यांना पळणं जमेना.

छबूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "मग माज्या पोळ्या?"

"तुमच्याच पोटात गेल्या, आत्याबाई. सहा दिवस उपाशी राहून जे कमावलंत, ते सातव्या दिवशी एका बैठकीत घालवलंत. तुमच्या बोटाला गुरुवार कळत नाही." बोलता बोलता मुक्ताबाईला रडू फुटलं. "चला ना डॉक्टरांकडे."

मांडवात ज्या टांग्यातून आल्या होत्या, त्याच टांग्यातून छबूबाई डॉक्टरांकडे गेल्या. बोट काढावं लागलं. पाय वाचला.

होळीला शेजारच्या रंगुबाई ताटावर पोळीचा आग्रह करू लागल्या, "घ्या वो अजून येक! सनाला कुनी मोजतं का?"

छबूबाईंनी एक पोळी खाल्ली होती, मिटक्या मारत, सावकाश. सणाला एखादी पोळी खाण्यात पाप नाही. ती कुणा दुसऱ्याच्या पोटात गेली असं मानण्यात घात आहे. तसं सांगणारा कुणी भेटलाच, तर हात जोडण्याआधी एकदा ते कापसात घालून बघावेत.

छबूबाईंनी लुगड्याचा काठ वर करून चार बोटांचा पाय पुढे केला.

"ह्यो मोजतो," त्या म्हणाल्या, आणि ताट सारून उठल्या.