दोन वाजून दहा मिनिटांनी

मंगळवारी संध्याकाळी लंडनच्या क्लबात सर जर्व्हेस होलरॉइडने एव्हरार्डच्या हातातला पेला काढून घेतला. “ऊठ. आठची गाडी पकड. बाप मरणाच्या दारात, आणि हा इथे मतं मोजत बसलाय!”

“उद्या माझ्या विधेयकाचं शेवटचं मतदान आहे. एकेक मत...”

“ठाऊक आहे. मी विरुद्ध देणार होतो. आता देत नाही. तुझं एक कमी, माझं एक कमी. झाली फिटंफाट.”

पार्लमेंटात अशी जोडी लावायची चाल जुनीच होती. कागद नाही, साक्षीदार नाही, शब्द पुरे. दोघे शाळेपासूनचे मित्र, बसायचे मात्र समोरासमोरच्या बाकांवर.

“एक लक्षात ठेव,” जर्व्हेस म्हणाला. “वडील गेले की त्या क्षणी तू कार्डनमचा अर्ल. तुझी जागा उमरावांच्या सभागृहात, आमच्या सभागृहातलं तुझं मत संपलं. मग माझाही शब्द सुटला, मी विरुद्ध मत द्यायला मोकळा. तेव्हा लगेच तार कर. मी इथेच असेन.”

“करतो.”

“आणि विधेयक तुझं भिकार आहे, हे सांगून ठेवतो.”

विधेयक साधं होतं. मातीच्या भांड्यांना झिलई देणाऱ्या कारखान्यांत बायका दिवसभर शिशाच्या पाण्यात हात बुडवून उभ्या असत. त्यांना डॉक्टरने महिन्यातून एकदा तपासावं, हात धुवायला पाणी असावं, अठराच्या आतल्या मुलींना तिथे लावू नये, एवढंच. केझिया नावाच्या एका बाईला एव्हरार्डने पाहिलं होतं. वय सव्वीस. हिरड्यांवर शिशाच्या विषाची निळसर रेघ, आणि दोन्ही मनगटं खाली लोंबलेली. तिने चहाचा कप उचलायचा प्रयत्न केला, तर बोटं कपावरून घसरली. हसून म्हणाली होती, “हजारो बुडवले साहेब, आता एक उचलवत नाही.”

बुधवारी सकाळी तो घरी पोहोचला तेव्हा वडील शुद्धीवर होते. दोन वर्षं बापलेकांत बोलणं नव्हतं; असे चार कारखाने त्यांच्याच जमिनीवर उभे होते. म्हाताऱ्याने डोळे उघडले, त्याला निरखलं आणि विचारलं, “मत टाकून आलास?”

“नाही बाबा. जोडी लावून आलो.”

“कोणाशी?”

“होलरॉइडशी.”

“चांगला माणूस आहे,” म्हातारा म्हणाला. मग त्याने डोळे मिटले. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी श्वास थांबला. डॉक्टर पिम यांनी घड्याळ पाहून वेळ वहीत टिपली.

दाराबाहेर म्हातारा नोकर कटबुश उभा होता. कालपर्यंत तो एव्हरार्डला ‘धाकटे सरकार’ म्हणायचा. आज मान लववून म्हणाला, “सरकार, घोडा तयार ठेवलाय. तार स्टेशनावर न्यायची असेल ना?”

एव्हरार्डने तार लिहिली. दोन शब्द. लंडनला पोहोचायला फार तर तासभर. बुधवारी सभागृह सहाला उठतं, म्हणजे मतदान पावणेसहाच्या सुमारास. जर्व्हेसला क्लबातून तिथे जायला दहा मिनिटं. हिशोब स्वच्छ होता: तार वेळेत पोहोचणार, जर्व्हेसही. त्याने कागदाची घडी केली आणि खिशात टाकली.

“नंतर,” तो म्हणाला.

मृत्यूची खूण म्हणून आई खिडकीचे पडदे ओढायला उठली होती. त्याने तिचा हात धरला.

“आई, सहापर्यंत थांब. पडदे नको. चर्चची घंटाही नको. गावात कळलं की कोणीतरी तार करेल, आणि जर्व्हेस विरुद्ध मत देईल.”

“काय बोलतोस एव्हरार्ड? गेलेत ते.”

“त्या बायकांसाठी, आई. चारच तास.”

“आणि जर्व्हेसला काय सांगितलं होतंस?”

त्याने खिशातला कागद चाचपला. आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ती उन्हात, उघड्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसली. बागेतून माळी जात होता; त्याने टोपी काढली. तिने रोजच्यासारखी मान हलवली. तीन वाजता तिने चहासुद्धा मागवला, आणि दासीने “सरकारांना कसं वाटतंय?” म्हणून विचारलं तेव्हा म्हणाली, “झोपलेत.”

सहाला पडदे ओढले. मग घंटा वाजू लागली, वयाच्या दर वर्षाला एक ठोका. एकोणऐंशी. आईला तेव्हाही रडू आलं नाही. एव्हरार्डने साडेसहाला तार पाठवली, आणि ती घेऊन गेलेला घोडेस्वार येताना लंडनची तार घेऊन आला: विधेयक मंजूर, एका मताने.

सोमवारी अंत्यविधीला जर्व्हेस आला. दंडावर काळी फीत, डोळे लाल. कबरीपाशी त्याने एव्हरार्डचे दोन्ही हात घट्ट धरले.

“साडेपाच वाजेपर्यंत मी दाराकडे बघत होतो रे. तार नाही, म्हणजे म्हातारा तग धरून आहे. मी त्यांच्या नावाने पेलासुद्धा उचलला. सगळे हसले मला.” मग त्याने विचारलं, “शेवटी किती वाजता गेले?”

सहा म्हटलं असतं तरी चाललं असतं. डॉक्टर पिम तोंड शिवून बसणारा माणूस होता.

“दोन वाजून दहा मिनिटांनी,” एव्हरार्ड म्हणाला.

जर्व्हेसला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने हात सोडले.

“मी असतो तर बरोबरी झाली असती,” तो हळू म्हणाला. “मग सभापतींचं निर्णायक मत. ते कुठे पडलं असतं, कोण जाणे.”

“हो.”

“चार तास, एव्हरार्ड. त्या माणसाला मी चार तास जिवंत समजत होतो.”

घरी परतल्यावर त्याने एव्हरार्डच्या आईपुढे वाकून निरोप घेतला. जेवायला थांबला नाही. गाडीची चाकं खडीवरून कुरकुरत फाटकाबाहेर गेली.

“पुन्हा येईल का तो?” आईने विचारलं.

“नाही.”

पाहुणे आत खोळंबले होते. तिने मुलाच्या दंडाचा आधार घेतला, आणि पायऱ्यांवर मध्येच थांबून, सगळ्यांकडे पाठ करून, पहिल्यांदा रडली. एव्हरार्ड तिच्याशेजारी उभा राहिला. तिला जवळ घ्यावं असं त्याला फार वाटलं. पण आपल्याला तो हक्क उरलाय का, हे त्याला कळेना.