बेटावर फक्त दोघं

लग्न जमलं की घरोघरी काय काय वाद निघतात ते तुम्हा-आम्हाला नवीन नाही. पंगतीत बुंदी की बालुशाही, बँड की डीजे, पत्रिकेत कुठल्या मामाचं नाव वर. त्यात हल्ली आणखी एका विषयाची भर पडली आहे: लग्नानंतर पोरा-पोरीनं फिरायला कुठं जायचं? पूर्वी हे कुणी चारचौघांत बोलत नसे. आता हा प्रश्न हॉलमध्ये, मोठ्या टीव्हीवर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षीनं सोडवला जातो. अंकुशनगरच्या तातेरावांच्या घरी तो असाच सोडवला जात होता.

तातेरावांची सगळी नोकरी तिथल्या साखर कारखान्यात बॉयलरवर गेली आणि राहणं कारखान्याच्याच कॉलनीत. त्यांचा एकुलता मुलगा सुमित जालन्याला एका बियाणे कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. त्याचं लग्न वडीगोद्रीच्या अक्षताशी ठरलं होतं. अक्षता अंबडच्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. पाहणं झालं, पसंती झाली, साखरपुडा झाला. अधूनमधून दोघांचा फोन व्हायचा. 'जेवली का?' 'जेवले. तुम्ही?' 'जेवलो.' एवढ्यावर दोघं फोन ठेवायचे आणि आपण पुष्कळ बोललो असं समजायचे.

सुमितच्या ऑफिसातला अंगद मागच्या वर्षी लग्न झाल्यावर कुठल्याशा बेटावर जाऊन आला होता आणि त्याचे फोटो अजून संपले नव्हते. ते बघून बघून सुमितच्या डोक्यात बेट घुसलं. त्यानं मालदीवमधलं एक रिसॉर्ट हेरलं आणि एका रविवारी मोबाइल टीव्हीला जोडून सगळ्यांना समोर बसवलं.

आणि खोटं कशाला बोलू, ते दृश्य होतंच तसं! निळं म्हणावं तर किती निळं! आमच्या भागात पाण्याचं अप्रूप विचारू नका. कालव्याला पाणी सुटलं की अजूनही माणसं गाड्या थांबवून बघत उभी राहतात. आणि इथं तर जिकडं बघावं तिकडं पाणीच पाणी, त्यात खांबांवर उभी लाकडी घरं, पलंगाखाली काचेची जमीन आणि काचेखाली रंगीत मासे फिरताहेत! शेजारच्या मालनबाई चहाची बशी तोंडाशी नेता नेता तशाच थांबल्या.

"आगं माय! पाण्यावर घर?"

"आन् लाकूड सडत न्हाई का ह्यांचं?" तातेरावांनी विचारलं. त्यांना कुठलीही वस्तू दिसली की ती किती दिवस टिकेल हे आधी सुचायचं.

एवढ्यात पडद्यावर न्हाणीघर आलं. त्याला तिन्ही बाजूंनी नुसती काच. तातेराव एकदम खाकरले आणि डोळ्यांवरचा चष्मा घरभर शोधायला निघून गेले. कांताबाईंना, म्हणजे सुमितच्या आईला, गॅस चालू राहिल्याची शंका आली.

"तिथं दुसरी लोकं न्हाईत का रे?" मालनबाई म्हणाल्या.

"तेच तर खास हाय मावशी! आख्ख्या बेटावर बाजार न्हाई, गर्दी न्हाई, वळखीचं कुत्रं न्हाई. फक्त दोघं!"

मालनबाईंनी बशी खाली ठेवली. फक्त दोघं! त्या कॉलनीत दोन खोल्यांत सहा-सहा माणसं राहून मोठी झाली होती. त्यांना हे ऐकून दडपून गेल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं की तातेरावांचं पोरगं बायकोला समुद्रातल्या घरात नेणार.

कांताबाईंनी फक्त एवढं विचारलं, "अक्षताला दाखवलं का?"

"बस्त्याच्या दिवशी दाखवतो. बघ, कशी खूश होईल ती!"

बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या मंडळींनी एकत्र बसून लग्नाचे कपडे घ्यायचे. जालन्याच्या दुकानात पांढऱ्या गादीवर दोन्ही घरच्या बायका बसल्या. साड्यांचे ढीग पडले. मावशी एक साडी अक्षताच्या खांद्यावर टाकून बघायची, काकू ती ओढून दुसरी टाकायची. लग्न बौद्ध पद्धतीचं, मंगल परिणयाची साडी पांढरीच घ्यायची ठरलेली, त्यावर वाद तो काय होणार? झाला! काठ निळा की सोनेरी, यावर दोन पार्ट्या पडल्या. नवरी मधोमध बसलेली. तिनं मान तेवढी हलवायची. आपल्याकडच्या बस्त्यात नवरीला तेवढंच काम असतं आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

सुमित तिच्याजवळ सरकला आणि मोबाइल तिच्या पुढ्यात धरला. अक्षता बघत राहिली. तिनं समुद्र कधीच पाहिला नव्हता. तिचे डोळे मोठे झाले.

"किती निळं हाय हो! खरंच असं असतंय?"

"मंग! आपण जाणार हाव तिथं."

"तिथं आणखी कोण असतंय?"

"कुणीच न्हाई. तू आन् मी."

तिनं ते चित्र बोटानं मागंपुढं सरकवलं. मग हळूच म्हणाली, "परत यायचं झालं तर?"

"विमान येतंय की. पाण्यावर उतरतंय, ठरल्या दिवशी."

"आन् मधीच यायचं झालं तर?"

सुमित मोठ्यानं हसला. "मधीच कामून? पळून जायचंय का तुला?"

गादीवर सगळ्या हसल्या. अक्षताची आई प्रभावती तर डोळे पुसत म्हणाली, "पोरीनं नशीब काढलं!" अक्षताही हसली. मोबाइल तिनं परत दिला आणि मांडीवरच्या पांढऱ्या साडीचा पदर उगीच दुमडत, उलगडत बसली.

कांताबाईंनी ते पाहिलं. दुकानाचा जिना उतरताना त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "तुला आवडलं का गं ते?"

"छान हाय की आई. सगळ्यायला आवडलंय."

हे उत्तर कांताबाईंना चांगलं ओळखीचं होतं. असली उत्तरं त्यांनी स्वतः आयुष्यभर दिली होती.

अंकुशनगरला परत आल्यावर सुमित स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बुकिंग पक्कं करायला बसला. कांताबाई कोमट दुधाला विरजण लावत होत्या. चमचा हातात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "थांब जरासा. मंग दाब काय दाबायचं ते."

"काय झालं?"

"मी लगीन होऊन ह्या क्वार्टरमदी आल्ते ना, तवा कारखान्याचा सीझन चालू व्हता. तुझे पप्पा बॉयलरवर. माणूस चांगला निघाला. पन त्या टायमाला मला काय ठाऊक, चांगला हाय का वंगाळ? आवाज बी धड ऐकला नव्हता मी त्यांचा. लई भेव वाटायचं बघ. मंग मी रोज मालनबाईच्या दारात जायची, विरजण मागायला."

"रोज विरजण?"

"घरात दह्याचं गाडगं भरल्यालं राह्यचं! विरजणाला कोण जातंय? एका बाईचं तोंड दिसावं म्हणून जायची. मालनबाईला बी कळलं व्हतं. एक दिवस म्हणली, 'कांता, वाटी खाली ठिव आन् बस इथं.' त्या दिवशी मी तिच्यापाशी बसून लई रडले. काही झालं नव्हतं बरं का. पन रडले."

सुमितनं आईला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"आता तू मला सांग," कांताबाई म्हणाल्या, "तुझ्या त्या बेटावर ती विरजण मागायला कुणाच्या दारात जाईल?"

"आई, मी काय तिला खाणार हाय का?"

"तू न्हाई खाणार. मला म्हाईत हाय, मी तुझी आई हाय. तिला कसं म्हाईत आसंल?"

सुमितनं मोबाइल मांडीवर ठेवला. बियाण्याचं पाकीट विकताना शेतकऱ्याच्या दहा शंका शांतपणे ऐकणारा हा माणूस. त्या पोरीनं दोन प्रश्न विचारले, तर ते त्यानं हसण्यावारी नेले होते.

तरी त्यानं शेवटचं कारण काढून बघितलं. "सगळ्यायला सांगून बसलो मी. ऑफिसात अंगद काय म्हणंल?"

"मंग अंगदला घिऊन जा बेटावर!"

आतल्या खोलीत तातेरावांना हसू आवरेना. कांताबाईंना मात्र हसू आलं नाही.

"लग्नात भंतेजींच्या म्होरं काय म्हणणार हायस तू? 'पत्नीचा सन्मान करीन.' आख्खा मंडप ऐकणार हाय. सन्मान म्हंजे काय रे, काचंच्या घरात नेऊन ठिवणं? तिला इचारणं, आन् ती न्हाई म्हणली तर तोंड न फुगवणं, त्याला सन्मान म्हणत्यात. ते आजपासून कर. मंडपात म्हणायला सोपं जाईल."

बुकिंगचं बटण तसंच राहिलं. सुमित उठून अंगणात गेला आणि त्यानं अक्षताला फोन लावला. 'जेवली का' त्यानं विचारलंच नाही.

"अक्षता, तुला कुठं जायचंय?"

पलीकडचा भांड्यांचा आवाज एकदम थांबला. त्याला वाटलं फोन कटला.

"खरंच इचारून राह्यले का तुम्ही?"

"खरंच. बिलकुल. आन् सकाळी मी हासलो ते चुकलं माझं."

"मंग उद्या सांगितलं तर चालंल का? मला असं कुणी इचारत न्हाई. जरा टाइम लागंल."

ते एक वाक्य सुमितला फार लागलं! रोज कुणाकुणाच्या रक्ताचे रिपोर्ट देणारी, ज्यांच्यावर डॉक्टर औषध ठरवतात, अशी ही मुलगी. आणि तिला 'तुला काय पाहिजे' याचं उत्तर शोधायला एक दिवस लागत होता!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. ती सगळं ठरवून बसली होती.

"समुद्र बघायचाच हाय मला. लई दिवसाचं मनात हाय. पन जिथं गाव हाय तिथं जाऊ. घरात बायामाणसं असावीत, बाजार असावा, यष्टी येत असावी."

"यष्टी कामून?"

"बसायचं नसतंय तिच्यात. येते एवढं म्हाईत असलं की धीर राह्यतो." मग ती म्हणाली, "तुम्ही चांगलेच दिसून राह्यले. पन मला भेव वाटलं व्हतं. सांगू का नको, कळत नव्हतं."

त्या टीव्हीवरच्या निळ्या पाण्यानं सुमित थक्क झाला होता, त्याहून तो या पोरीच्या धीटपणानं झाला. होणाऱ्या नवऱ्याला 'मला तुमची भीती वाटली' असं तोंडावर सांगायला किती बळ लागतं! तुमच्या-आमच्या घरातल्या किती जणींना ते जमलं असेल?

लग्न झालं. पांढऱ्या साडीला निळा काठ होता. तोही अक्षतालाच विचारून ठरला. ऑफिसात अंगदनं चिडवायचं तेवढं चिडवलं, कॉलनीत दोन दिवस कुजबुज झाली, मग लोक आपापल्या कामाला लागले. नवरा-नवरी कोकणातल्या एका खेड्यात, पुष्पाबाई नावाच्या बाईंच्या घरी, अंगणाकडं दार असलेल्या खोलीत उतरले.

पहिल्याच संध्याकाळी नारळीची बाग ओलांडून दोघं पुढं गेले आणि एकदम समोर समुद्र आला. दोघांचे पाय जागच्या जागी थांबले. मोबाइलमध्ये मावलेला समुद्र आणि हा, काही मेळच नव्हता! त्याला पलीकडचा काठच नव्हता. तो गरजत होता, येत होता, जात होता, आणि कुणी बघो न बघो, त्याचं चाललेलंच होतं. अक्षताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. फोटो काढायचं सुमितला भान राहिलं नाही.

"बाप रे!" एवढंच तो म्हणाला. मग तो तिच्याकडं वळला, "अक्षता, खरं सांगू? माझे पाय लटलट करून राह्यले. मला पवता येत न्हाई. त्या काचंवर मी उभा तरी राह्यलो असतो का!"

ती रडता रडता हसायला लागली. मग तिनंच त्याचा हात धरला आणि त्याला पाण्याच्या काठाशी नेलं.

सुरुवातीला ती सारखी पुष्पाबाईंच्या चुलीपाशी जाऊन बसायची. मासे कसे साफ करतात ते बघायची, गावच्या गोष्टी विचारायची. सुमितनं एकदाही 'चल' म्हटलं नाही. तो बाहेर पायरीवर वाट बघायचा. ती आली की दोघं बोलत बसायचे. शाळेचं, लॅबचं, लहानपणी कालव्यात पडल्याचं. हळूहळू ती चुलीपाशी कमी आणि पायरीवर जास्त दिसायला लागली. पुष्पाबाईंनी ते ओळखलं आणि त्या दोन कप चहा पायरीवरच आणून द्यायला लागल्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सूर्य पाण्याला टेकला होता. अक्षता म्हणाली, "ते बेट हाय का वो अजून तुमच्या मोबाइलात? दाखवा बरं."

त्यानं शोधून दिलं. ती त्या निळ्या पाण्याकडं, खांबांवरच्या त्या घराकडं निरखून बघत राहिली.

"पुढच्या वर्षी जाऊ इथं," ती म्हणाली. "आता येईन मी तुमच्याबरोबर. यष्टी नसली तरी चालंल."

सुमितनं नुसती मान हलवली. मोबाइल बंद करून त्यानं खिशात टाकला.

मंडळी, बेट वाईट नाही, हौस वाईट नाही, एवढी मोठी दुनिया बघावीशी वाटणं तर मुळीच वाईट नाही. पण आपल्या घरात लग्न होऊन येणारी मुलगी ही एका अनोळखी माणसाबरोबर सगळं सोडून निघालेली असते. एवढं मोठं धाडस आपण रोज बघतो आणि त्याचं आपल्याला काहीच वाटत नाही! तिला कुठं न्यायचं हे ठरवण्याआधी, साडी तिच्या खांद्यावर टाकण्याआधी, तिला विचारा. लगेच उत्तर आलं नाही तर थांबा. तिला कुणी विचारत नाही, म्हणून वेळ लागतो. आणि ती 'नाही' म्हणाली, तर ते ऐकून घ्या. तिचं 'नाही' ज्या घरात ऐकलं जातं, त्याच घरात तिचं 'हो' खरं असतं.