साहेबाच्या खुर्चीवरचा डाग

मित्रांनो, मी एक जुनी फणसाची खुर्ची आहे. खुर्ची माणसाला उचलून धरते, असे तुम्ही समजता. माझ्या बाबतीत सुरुवातच उलटी झाली. आधी एका माणसाने मला उचलले, तेही डोक्यावर. ती हकीकत मला सांगायची आहे, आणि जरा घाईनेच सांगायची आहे, कारण उद्या सकाळी मंगेश पॉलिशवाला येणार आहे.

माझा जन्म जामसंड्याचा. एका परसातला म्हातारा फणस फळ धरेनासा झाला, म्हणून मालकाने तो पाडला. त्याच्या पिवळ्याधमक लाकडातून सुताराने मला घडवले. त्या सुताराने जन्मभर नांगर, पाट आणि होड्यांची वल्ही केली होती, खुर्ची कधी केली नव्हती. साहेबाचे पाय लांब असतात एवढे त्याला कोणीतरी सांगितले होते. त्याने मला इतकी उंच केली, की स्वतः बसून बघितले तर त्याचे पाय जमिनीला टेकेनात. तो खूश झाला.

मला घडवायला सांगितले होते कुंभगड संस्थानाने. संस्थान म्हणजे राजाचे राज्य, पण राजाच्या डोक्यावर इंग्रजांचा हात. देवगडाच्या आतल्या अंगाला, डोंगराकडे, हे चिमुकले राज्य होते. नकाशात शोधू नका, सापडणार नाही. तिथल्या दरबारात राजापासून कारकुनापर्यंत सगळे गादीवर नाहीतर जाजमावर मांडी घालून बसत. इंग्रज सरकारचा एजंटसाहेब येणार असे कळले आणि सगळ्यांची धांदल उडाली. साहेब जमिनीवर बसत नाही आणि बूटही काढत नाही. तेव्हा खुर्ची हवी.

साहेब येत होता राजाला जाब विचारायला. संस्थानात वेठ चालते, अशी त्याची मोठी तक्रार होती. वेठ म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक नसेल. सरकारी काम निघाले की हवालदार दारात येई आणि घरातला माणूस घेऊन जाई. रस्ता साफ करा, ओझे वाहा, पालखी उचला. मजुरी नाही, आणि नको म्हणण्याची सोयही नाही.

मला जामसंड्याहून न्यायला बाबली आला, तो असाच वेठीने धरलेला. डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवून त्याने मला उलटी घेतली, बैठक खाली आणि पाय आभाळाकडे. जगातली पहिली वाट मी अशी पाय वर करून पाहिली. हवालदार बरोबर रिकाम्या हाताने चालत होता.

"हवालदारानू, खुर्ची पोचली काय माका सोडशात मां?" बाबलीने विचारले. "भात पिकान इला. घरात यशोदा एकटीच आसा."

"ता मी कसा सांगू? सायब जाय सर रवाक व्हया. खुर्ची फुडच्या मुक्कामाक जातली, ती कोण न्हेतलो?"

बाबलीचे डोके पुन्हा पुन्हा मागे कलत होते, आणि त्याच्याबरोबर मीही कलत होते. तो आभाळ बघत होता. दिवाळी तोंडावर आली होती. पिकलेले भात शेतात उभे होते आणि ढग हटत नव्हते. पिकले भात आडवे होऊन भिजले की जागच्या जागी रुजते. मग वर्षभराच्या भाताची आशा सोडायची.

कुंभगडास पोचल्यावर मला दरबारात ठेवले, आणि बाबलीला बाहेर चाफ्याखाली बसवले. साहेब माझ्यावर बसला. राजेसाहेब समोर गादीवर. साहेबाचे गुडघे राजेसाहेबांच्या डोळ्यांसमोर येत होते. सुताराची ही करामत कोणालाच आवडली नाही, पण बोलणार कोण?

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याचे म्हणणेही खरे होते. "वेठ बंद करा. न्यायाला धड माणूस नेमा. शाळा काढा," तो म्हणाला. "नाहीतर तुमचा कारभार आमचा अंमलदार पाहील." राजेसाहेब ऐकून घेत. त्यांचे कारभारी सदानंदपंत मोठे गोडबोले. ते म्हणत, "सगळे होईल साहेब, रयत तर आजही सुखात आहे." असे खलबत सकाळ-संध्याकाळ चालले. बाहेर पाऊस लागला. बाबली चाफ्याखालून उठून ओसरीच्या कडेला बसला. त्याला घरी सोडावे, हे आत कोणाच्याही डोक्यात आले नाही.

शेवटी साहेब वैतागला. "मी रयतेलाच विचारतो," असे म्हणाला, आणि देवळापुढच्या मांडावर, म्हणजे गाव जमते त्या अंगणात, सगळ्या गावांना बोलावणे गेले. मलाही तिथे नेऊन ठेवले.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. देवळापुढे माणसे जमली की गावकर, म्हणजे गावचा मानकरी, आधी देवाला गाऱ्हाणे घालतो. तो मोठ्याने एक एक मागणे बोलतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळे मिळून हुंकार देतात. त्या दिवशीही गावकर पुढे झाला.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरा तुज्या पायाकडे जमली आसत. तेंच्या हातसून जा काय होयत, ता बऱ्याचा होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मांड बोलला.

लगेच साहेबाच्या शिरस्तेदाराने वाचायला सुरुवात केली. "या संस्थानात रयतेवर वेठीचा जुलूम होतो," असे म्हणून तो श्वास घ्यायला थांबला.

"व्हय म्हाराजा!"

साहेबाचा चेहरा फुलला. "येथे न्याय मिळत नाही." व्हय म्हाराजा. "राजेसाहेबांनी कारभार तत्काळ सुधारावा." व्हय म्हाराजा. राजेसाहेबांचा चेहरा उतरत चालला. साहेब इतका आनंदला, की माझ्यावर पुढेमागे झुलू लागला. माझे सांधे करकरले.

पण सदानंदपंत कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते शांतपणे उठले आणि गावकराच्याच चालीवर म्हणाले, "श्रीमंतांच्या छत्राखाली रयत सुखी आहे!"

"व्हय म्हाराजा!"

साहेब झुलायचा थांबला. "आत्ता ही माणसे याच्या उलट म्हणाली," तो आपल्या पुस्तकी मराठीत बोलला. हसले कोणीच नाही. गावकराने हात जोडले. "सायबानू, देवाच्या दारात गाऱ्हाण्याक 'नाय' म्हणूची रीत नाय."

साहेब ताडकन उठला. मी रिकामी झाले. "वेठ नको असलेला एक तरी माणूस पुढे येऊ द्या," तो म्हणाला. सगळे आपापल्या पायांकडे बघत राहिले. आज पुढे यायचे, आणि उद्या साहेब गेल्यावर हवालदार दारात येणारच.

तेवढ्यात बायकांच्या मागच्या रांगेतून एक बाई निघाली. गुडघ्यापर्यंत चिखल, पदर कमरेला खोचलेला, ओटीत काहीतरी धरलेले. ती माझ्याजवळ आली आणि ओटी माझ्यावर रिकामी केली. भिजलेल्या भाताच्या लोंब्या होत्या त्या. दाण्यादाण्याला पांढरे कोंब फुटले होते. चिखलाचे पाणी माझ्या कोऱ्या लाकडावर पसरले.

"माजो घोव खंय आसा?" ती म्हणाली. "ही खुर्ची हाडूक तुमी तेका न्हेलास. भाताक कोंब इले. वरसभर आमी खावचा काय?"

मी तिला कधी पाहिले नव्हते, तरी ती बाबलीची बायको यशोदा हे ओळखले.

साहेबाने मराठीची परीक्षा दिली होती, मालवणीची कुठे असते परीक्षा? त्याने सदानंदपंतांकडे पाहिले. एरवी पंत बोलणे गुळात घोळवून सांगत. त्या दिवशी त्यांनी शब्द न् शब्द शुद्ध मराठीत सांगितला, कारण घाव साहेबावर बसणार होता.

"कोणती खुर्ची?" साहेबाने विचारले.

"हीच," राजेसाहेब म्हणाले. "आपण बसला होता ती. वेठ आमची हे खरे. ओझे मात्र आपले होते."

साहेब माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा लाल झाला, तो रागाने की लाजेने, हे मला अजून कळलेले नाही. "त्या माणसाला आत्ताच्या आत्ता सोडा," एवढे बोलून तो पायीच बंगल्याकडे गेला. त्या लोंब्यांवर तो बसला नाही, आणि पुसून घ्या असेही म्हणाला नाही, याबद्दल मी त्याला मान देते.

बाबली दरबाराच्या ओसरीवरून धावत आला. यशोदेने त्याला पाहिले आणि तिला रडू फुटले. मग रडू आवरून तिने लोंब्या पुन्हा ओटीत भरल्या. कोंब आलेले भात गुरांना तरी चालते. दोघे पावसातून घराकडे निघाली. अर्धे शेत वाचले, असे पुढे ऐकले. बाकीचे वर्ष त्यांनी नाचणीवर काढले.

संस्थानात वेठबंदीचा जाहीरनामा निघाला. दवंडी पिटली गेली. त्याच्या शेवटी मात्र एक शेपूट होते: 'साहेबलोकांच्या दौऱ्याची कामे खेरीजकरून'. ते शेपूट कोणी जोडले, साहेबाने की पंतांनी, देव जाणे. माणसे दवंडीलाही व्हय म्हाराजा म्हणाली असतील.

मला पुढच्या मुक्कामाला न्यायला मात्र कोणी पुढे आले नाही. मी देवळातच राहिले. इंग्रजांचे राज्य गेले, संस्थान गेले, आणि मी ग्रामपंचायतीच्या अडगळीच्या खोलीत आले. कोंबड्या माझ्यावर बसल्या, चुन्याचे डबे माझ्यावर ठेवले गेले. डाग तसाच राहिला. बैठकीच्या मधोमध, काळपट, पसरलेला.

परवा ग्रामसभा होती. प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या, म्हणून मला बाहेर काढले. गाव तपासायला जिल्ह्याचे अधिकारी येणार, त्यांच्या स्वागताला बचत गटाच्या सगळ्या बायकांनी दिवसभर हजर राहावे, असा ठराव सरपंच सिद्धेश वाचत होता. प्रत्येक ठराव संपला की सगळे म्हणत, "मंजूर." मला ती जुनी चाल लगेच ओळखू आली.

मागून एक मुलगी उठली. संचिता तिचे नाव. "माका येवक जमाचा नाय," ती म्हणाली. "त्या दिवसांत आमचा भात कापूचा आसा. सगळ्यांचाच आसा."

सिद्धेशने मान खाजवली. "बरा, कापणी झाल्यार ठेवया," तो म्हणाला, आणि तारीख बदलली. इतके सोपे! संचिताला यशोदा कोण ते ठाऊक नाही. सांगायला मला तोंड कुठे होते? पण त्या दिवशी माझ्या म्हाताऱ्या लाकडाला फार बरे वाटले.

सभा संपताना सिद्धेशची नजर माझ्याकडे गेली. जुनी वस्तू, साहेबांना बसायला शोभेल, म्हणून मंगेशला बोलावले. मंगेशने बैठकीवर बोट फिरवले. "डाग लय आत गेलो आसा. रंधो मारू?" सिद्धेश म्हणाला, "मार. नवी दिसाक व्हयी."

म्हणून ही घाई. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या सकाळी पंचायतीत असेल, तर मंगेशला एवढे सांगा. पाय डुगडुगतो तो ठोकून घे. पाठ घासून चकचकीत कर. बसणारे साहेब चांगले असोत, खुशाल बसू देत. मधल्या डागावर मात्र रंधा फिरवू नकोस. सगळा मांड व्हय म्हणत असताना यशोदा जे 'नाय' म्हणाली, ते आता तेवढेच उरले आहे.