बाजेखालची शेगडी

नरहरी ढोमणे पोलादाच्या कारखान्यात गॅस सेफ्टीचे इन्स्पेक्टर होते आणि घरी आईचे चिरंजीव. दोन्ही नोकऱ्या त्यांनी इमानेइतबारे केल्या.

भट्टीवर त्यांचा मोठा दरारा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोकं जड झालं की आधी बाहेर पळा, हे भाषण ते हिंदीत ठोकत, मराठीत ठोकत, वेळ पडली तर छत्तीसगढीतही ठोकत.

अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत त्यांची बायको विजया बाळंत झाली आणि त्यांच्या आई तुळसाबाईंनी यवतमाळहून येऊन कारखान्याच्या क्वार्टरचा ताबा घेतला. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून त्यांनी खिडकीच्या फटींत जुनी लुगडी कोंबली, दार ओढून घेतलं आणि बाजेखाली कोळशाची शेगडी सरकवली. ते बघून नरहरी दारातूनच म्हणाले,

"आई, खिडकी जराशी..."

"तुले अशाच शेगडीवर शेकलं मी. मेला का तू?"

नरहरींनी सायकल काढली. यवतमाळच्या घराला कौलं होती, त्यातून आभाळ दिसायचं आणि इथे सिमेंटचा स्लॅब आहे, हे उत्तर त्यांना सायकलवर बसल्यावर सुचलं. मागे फिरून ते सांगण्याची काही त्यांची छाती झाली नाही.

तिसऱ्या दिवशी विजया म्हणाली, "डोकं फुटून राहिलं माहं."

"बाळंतिणीचं डोकं दुखतेच," तुळसाबाई म्हणाल्या. "लेकरू पाह्य कसं गुणाचं, रडत बी नाही."

नरहरींनी मान डोलावली आणि हा शहाणा माणूस ड्यूटीवर निघून गेला. त्या दिवशीचं भाषण म्हणे फारच रंगलं.

चौथ्या दिवशी दुपारी ते परतले, तर शेगडी अंगणात पालथी पडलेली आणि खिडकी सताड उघडी. तुळसाबाई कपाळ बडवत होत्या. शेजारच्या साधनाताई दवाखान्यात न्यायला रिक्षा आणायला धावल्या होत्या. विजया उंबऱ्यावर बसली होती, लुगडं उलटीने भरलेलं, बाळ छातीशी. बाळ बारीक आवाजात रडत होतं.

"दूध ओढून नाही राहिलं. उचललं तं मान टाकली यानं," ती म्हणाली. "तुमाले माहीत होतं?"

नरहरींनी आधी आईकडे पाहिलं. मग पुटपुटले, "माहीत होतं. पण आईले कोण सांगन?"

बाळाला घ्यायला त्यांनी हात पुढे केले, तशी विजया मागे सरकली.

"आईले विचारून या आधी."